सात आठवडे वेटलिस्टवर : अमेरिकेतल्या राज्यशास्त्र पीएच.डी. प्रवेशाचे एक प्रकरण

हे प्रकरण डिसेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळातले आहे. अर्जदार मुलीच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, रकमा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत. घरी धाकटा भाऊ असल्यामुळे तिला सगळेच ताई म्हणतात, इथेही ताईच म्हणू. तिने आठ विद्यापीठांत अर्ज केले, पण या गोष्टीत दोनच महत्त्वाची. त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतो.

माझा संबंध एवढाच, की मी बऱ्याच वर्षांपूर्वी याच वाटेने गेलो होतो, आणि दर हिवाळ्यात चार-दोन मराठी मुलामुलींचे अर्ज वाचून देतो. ताईला मी दिलेल्या सल्ल्यांपैकी दोन सरळ चुकले. तिसऱ्याबद्दल आमचे अजून एकमत नाही.

पार्श्वभूमी

ताई कोल्हापूरची. वडिलांचे शिरोलीला छोटे मशीन शॉप, फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगवर जॉबवर्क. बी.ए. कोल्हापुरात, एम.ए. पुण्यात. मग दोन वर्षे एका सर्वेक्षण प्रकल्पात गावोगाव प्रश्नावल्या भरल्या आणि २०२४च्या जुलैपासून पुण्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. अशा तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, काम केलेल्यांना पुढचे सांगायला नको. पैसे तासांवर, आणि ते कधी येतील ते कुणी सांगत नाही.

तिचा संशोधनाचा प्रश्न मला पहिल्या भेटीतच आवडला. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये संपली. निवडणूक झाली नाही, प्रशासक बसला. मार्च २०२२मध्ये मुंबई आणि पुण्याचेही तेच झाले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद सर्वोच्च न्यायालयात अडकले आणि राज्यातल्या शहरांना नगरसेवकच उरले नाहीत. या काळात गटार तुंबले, खांबावरचा दिवा गेला, दोन दिवस पाणी आले नाही, तर लोक कुणाकडे जात होते? ताईने पाहिले ते असे, की माजी नगरसेवकाकडेच. त्याला पद नाही, निधी नाही, बसायला सभागृह नाही, तरी सकाळी त्याच्या संपर्क कार्यालयापुढे चपलांचा ढीग. लोकांच्या तक्रारी लिहून घेतलेल्या अशा एका कार्यालयातल्या वह्या तिने चाळल्या होत्या. निवडणूकच ठरलेली नसताना हा माणूस कशासाठी राबतो, हा तुलनात्मक राजकारणातला अस्सल प्रश्न आहे. तिला तो घराजवळच्या चौकात सापडला होता.

अमेरिकेकडे जाण्याचे कारण साधे होते. तिथे चांगल्या विभागांत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, की फी माफ, आरोग्यविमा आणि साधारण पाच वर्षे स्टायपेंड मिळते. पहिली दोन वर्षे संख्याशास्त्र, संशोधनपद्धती आणि विषयाचे वर्ग होतात. आपल्याकडे जेआरएफ (नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत वरचे गुण मिळाले तर मिळणारी संशोधनवृत्ती) नसेल, तर केंद्रीय विद्यापीठात नॉन-नेट फेलोशिपचे महिना आठ हजार मिळतात. राज्य विद्यापीठात तेवढ्याचीही खात्री नाही.

अर्जाचा खर्च मात्र आधी आणि रोखीने. आठपैकी दोन ठिकाणी फी माफ करून मिळाली, बाकी सहांचे मिळून पावणेसहाशे डॉलर. त्यावर जीआरई ही प्रवेशपरीक्षा आणि टोफेल ही इंग्रजीची परीक्षा यांची फी. सगळे मिळून नव्वद हजारांच्या घरात गेले. निम्मे तिच्या साठवणीतले, निम्मे आईच्या भिशीतले. हा आकडा लिहितो आहे, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयात तो मागे उभा होता.

तिथे निर्णय कसे होतात

हे ताईला डिसेंबरमध्येच नीट माहीत असते, तर निम्मा त्रास वाचला असता, म्हणून इथे जरा थांबतो.

अर्जांच्या मुदती बहुतेक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात, काही जानेवारीच्या सुरुवातीला. जानेवारीत विभागातल्या प्राध्यापकांची एक समिती अर्ज वाचते. नामवंत विभागांत शेकडो अर्ज आणि जागा पंधरा-वीस. पण या पंधरा-वीस जागांसाठी सगळ्यांची मिळून एक गुणवत्ता यादी लागत नाही. अमेरिकी राजकारण, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धान्त, संशोधनपद्धती अशा शाखांत त्या वाटल्या जातात. गेल्या वर्षी तुलनात्मकचे जास्त विद्यार्थी आले असतील, तर यंदा तिथे हात आखडता. दक्षिण आशियावर काम करणारा प्राध्यापक रजेवर असेल, तर चांगला अर्जही बाजूला पडतो. एकेका विद्यार्थ्याचा पाच वर्षांचा खर्च विभागाच्या डोक्यावर असतो, त्यामुळे एखादा माणूस जास्त घेऊन टाकू, असे सहसा होत नाही.

होकार जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत जातात. मार्चमध्ये निवडलेल्यांना विभाग पाहायला बोलावतात. परदेशातल्यांसाठी झूमवर भेटी. मग ज्यांना तीन-चार ठिकाणी प्रवेश मिळाला आहे ते एकेक जागा सोडायला लागतात आणि वेटलिस्ट हलते. सगळ्याची कड १५ एप्रिल. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सह्या केलेली विद्यापीठे फंडिंगच्या प्रस्तावाचे उत्तर त्या तारखेच्या आधी मागत नाहीत. आधी होकार दिला असेल, तरी १५ एप्रिलपर्यंत तो लेखी मागे घेता येतो. नकार मात्र विभागाला सवड होईल तेव्हा, पुष्कळदा एकगठ्ठा निघतात. ताईचा शेवटचा नकार मेमध्ये आला, तोवर ती त्या विद्यापीठाचे नावही विसरली होती.

प्रश्न काय होता

वाट पाहणे हा प्रश्न नव्हता. वाट पाहायच्या काळात दुसऱ्या तीन गोष्टींची उत्तरे द्यायची होती, हा होता.

पहिली, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने तिला दोन वर्षांची नोकरी देऊ केली होती, महिना पंचावन्न हजार, उत्तर २० मार्चपर्यंत. दुसरी, नेट. जानेवारी २०२५मध्ये दिलेल्या परीक्षेचा निकाल फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यात लागला. ताई उत्तीर्ण झाली, पण जेआरएफ थोडक्यात हुकली. आता पीएच.डी. प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. म्हणजे भारतात पीएच.डी. करायची तर याच वर्षात हालचाल हवी. तिसरी, धाकट्याची सीईटी एप्रिलमध्ये. त्याच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ताईने हातभार लावायचा, हे घरात न बोलता ठरलेले होते.

त्यात वर्ष असे निघाले. आधीच नोव्हेंबर २०२४मध्ये बॉस्टन विद्यापीठाने राज्यशास्त्रासह मानव्य आणि सामाजिक शास्त्रांतल्या डझनभर विषयांचे पीएच.डी. प्रवेश २०२५-२६साठी बंद ठेवल्याची बातमी आली होती. मग ७ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेच्या एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेने विद्यापीठांच्या अप्रत्यक्ष खर्चावर (संशोधनाच्या अनुदानासोबत इमारती, वीज, कार्यालय यांसाठी मिळणाऱ्या पैशांवर) पंधरा टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. प्रकरण लगेच न्यायालयात गेले, पण विद्यापीठांनी हात आखडले ते आखडलेच. पिट्सबर्गने काही दिवस पीएच.डी.चे नवे प्रवेश थांबवले. एनआयएचचा आणि कोल्हापूरच्या नगरसेवकांचा काय संबंध, असे ताईने मला विचारले. विद्यापीठाची तिजोरी एक असते, एवढेच मी म्हणालो.

रात्रींबद्दल एक लिहायला हवे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी नऊला कार्यालय उघडते तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि ते बंद होते तेव्हा पहाटेचे साडेतीन. म्हणजे प्रवेशाचा मेल यायची वेळ ही नेमकी झोपेची वेळ. ताईचा पहिला तास सकाळी साडेसातला. जानेवारीअखेरपासून ती फोन उशाशी घेऊन दर तासाला पोर्टल उघडत होती. आठ पोर्टल, आठ पासवर्ड. वडील शिरोलीहून जेवायला आले, की फोनवर एकच विचारत, “काय म्हणत्यात अमेरिकावाले?” पुढे तेही विचारेनासे झाले. तिला ते जास्त लागले.

पहिला निर्णय : ‘ब’ला सोडचिठ्ठी

‘अ’चा होकार ५ फेब्रुवारीला आला. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातले सरकारी विद्यापीठ, विभाग मध्यम नावाचा. पाच वर्षांची हमी, पण स्टायपेंड नऊ महिन्यांचे, साधारण सव्वीस हजार डॉलर. उन्हाळा आपला आपण बघायचा.

ताईचे मन ‘ब’वर होते. नाव मोठे, भारतीय शहरांवर काम करणाऱ्या एक प्राध्यापक तिथे, स्टायपेंड बारा महिन्यांचे. १२ फेब्रुवारीला तिच्या पुण्यातल्या एका वर्गमित्राला ‘ब’चा होकार आला. तो आंतरराष्ट्रीय संबंधांचा. ताईला काहीच नाही. रात्री दहाला तिने मला विचारले, “सर, म्हणजे माझं नाही ना झालं?” मी म्हणालो, बहुतेक नाही, होकार एकदमच जातात.

हा माझा पहिला चुकलेला सल्ला. होकार एकदम जात नाहीत. शाखेशाखेने, कधी दोन-तीन लाटांत जातात, आणि हे मला माहीत असायला हवे होते. माझ्या वेळचा एक अनुभव मी नियम म्हणून तिला सांगितला. दुसऱ्या दिवशी तिने पुण्याच्या संस्थेला जवळजवळ होकार कळवून टाकला. २४ फेब्रुवारीला ‘ब’चे पत्र आले : तुम्ही वेटलिस्टवर आहात.

पर्याय

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, होळीच्या आधी, आम्ही डेक्कनला एका हॉटेलात बसलो आणि मागच्या एका बिलाच्या पाठीवर मांडणी केली. तोवर तीन नकार आले होते, तीन ठिकाणची शांतता होती.

‘अ’ला लगेच हो म्हणून मोकळे व्हायचे. डोक्याला ताप नाही, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देते ते प्रमाणपत्र) लवकर येईल, व्हिसाची तारीख लवकर मिळेल. व्हिसाच्या मुद्द्याला त्या दिवशी आम्ही कागदावर अर्धी ओळ दिली. तो पुढे केवढा होणार, याचा अंदाज दोघांनाही नव्हता.

१५ एप्रिलपर्यंत ‘ब’ची वाट पाहायची आणि ‘अ’ हातात धरून ठेवायचा. ठरावाप्रमाणे हा तिचा हक्क. पण तुम्ही धरलेल्या जागेसाठी ‘अ’च्या वेटलिस्टवर कुणीतरी, कदाचित ढाक्यात किंवा लागोसमध्ये, अशीच रात्र जागून काढत असतो. ही गोष्ट ताईनेच काढली.

पुण्यातली नोकरी घ्यायची आणि ‘अ’कडे वर्षभराची सवलत मागायची. हे मी लगेच खोडले. प्रवेश पुढे ढकलला तरी फंडिंग पुढे सरकेलच असे नाही, आणि त्या वर्षी तर कुठलेच विद्यापीठ पुढच्या वर्षाबद्दल शब्द द्यायला तयार नव्हते.

चौथा, यंदा सोडून द्यायचे, इथे नेटवर पीएच.डी. किंवा पुढल्या डिसेंबरात पुन्हा अर्ज. यावर ताई काही बोलली नाही. नव्वद हजार पुन्हा उभे करायची तिची तयारी नव्हती, आणि ते तिला तोंडाने म्हणायचे नव्हते.

काय केले

आधी नोकरीचा गुंता. माझा सल्ला होता, हो म्हणून टाक, गरज पडली तर ऑगस्टमध्ये सोड, सगळे असेच करतात. हा दुसरा चुकलेला सल्ला. ताईने ऐकला नाही. ती संस्थेच्या संचालक मॅडमना भेटली आणि खरे ते सांगितले : एका ठिकाणी प्रवेश आहे, दुसरीकडे वेटलिस्ट आहे, १६ एप्रिलच्या आधी दोन वर्षांचा शब्द देता येणार नाही. मॅडम क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, “मग जुलैअखेरपर्यंतचं कंत्राट घे, तेवढं डेटाचं काम तरी उरकेल.” असा पर्याय निघेल, हे आमच्या बिलावर नव्हते. मागितल्याशिवाय तो निघालाही नसता. पुढे शिफारसपत्र लागले तेव्हाही याच मॅडमनी दिले.

मग ‘ब’ला पत्र. पहिला मसुदा दीड पानांचा होता. सुरुवात आदरणीय महोदय, मध्ये वडिलांचे मशीन शॉप, लहानपणापासूनचे स्वप्न, शेवटी हात जोडलेले. आपल्याकडे अर्ज लिहायचे जे वळण शाळेत लावतात, ते तिथे आड येते. वाचणारा विभागाचा प्रवेशप्रमुख, त्याच्याकडे अशी चाळीस पत्रे, आणि त्याला तीनच गोष्टी हव्या असतात : हा माणूस खरंच येईल का, अर्जानंतर नवीन काय झाले, याला कधीपर्यंत कळवले पाहिजे. आम्ही सहा वाक्ये ठेवली. ‘ब’ पहिली पसंती आहे आणि का, त्या प्राध्यापकांच्या कामाशी तिचा प्रश्न कुठे जुळतो. अर्जानंतर आणखी दोन प्रभागांतल्या तक्रारवह्यांची नोंद पूर्ण झाली. दुसरीकडे पाच वर्षांच्या हमीचा प्रस्ताव आहे, उत्तर १५ एप्रिलला द्यायचे आहे. वेटलिस्ट शाखेप्रमाणे आहे का आणि साधारण कधी हलते, एवढे कळले तर बरे होईल. ‘पहिली पसंती’ हे शब्द खरे असतील तरच लिही, आणि एकाच ठिकाणी लिही, असे मी बजावले. ११ मार्चला पत्र गेले. दोन दिवसांत उत्तर : यादीला क्रमांक नाहीत, शाखा पाहून ठरवतो, मार्चअखेरच्या भेटींनंतर चित्र कळेल, यंदा तुकडी लहान आहे, शब्द देता येत नाही. कोरडे, पण प्रामाणिक.

त्यानंतर तिने जे केले ते सगळ्यात मोलाचे, आणि त्यात माझा काही वाटा नाही. तिने ‘ब’कडे पाहणे थांबवून ‘अ’कडे पाहायला सुरुवात केली. तोवर ‘अ’ म्हणजे नुसता हातातला पक्षी होता, तो कसला आहे ते कुणी बघितले नव्हते. तिने प्रस्तावाचे पत्र ओळीओळीने वाचले. विमा किती, विद्यापीठाची वेगळी शुल्के किती, किती सत्रे टीए (प्राध्यापकांचा शिकवण्यातला साहाय्यक) म्हणून शिकवायचे. विभागातल्या तीन विद्यार्थ्यांशी झूमवर बोलली. चौथ्या वर्षाच्या एका बांगलादेशी मुलीने भाड्यापासून बर्फातल्या बुटांपर्यंत सगळा हिशेब दिला, आणि उन्हाळ्यासाठी विभागाकडे एक छोटा निधी असतो, तो मागणाऱ्यांना बहुतेक मिळतो, हेही सांगितले. पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. अर्जात ज्या प्राध्यापकांचे नाव तिने लिहिले होते ते पुढचे वर्ष रजेवर होते. पण ब्राझीलमधल्या नगरपालिकांवर काम करणाऱ्या दुसऱ्या एक होत्या, त्यांनी पाऊण तास वेळ दिला आणि माजी नगरसेवकांच्या वह्यांबद्दल इतके खोदून विचारले, की ताई रात्री साडेबाराला मला फोन करून तेच सांगत बसली.

पाडव्याच्या दिवशी, ३० मार्चला, तिने एका कागदावर तीन अटी लिहिल्या. ‘ब’चा होकार आलाच, तर कशावर जायचे : पाच वर्षांची हमी लेखी हवी, स्टायपेंड बारा महिन्यांचे हवे, एकापेक्षा जास्त प्राध्यापक आपल्या विषयाच्या जवळचे हवेत. तिन्ही असतील तर ‘ब’, एकही कमी असेल तर ‘अ’. कागदाचा फोटो मला पाठवला आणि म्हणाली, “त्या वेळी माझं डोकं ठिकाणावर नसेल, तेव्हा तुम्ही हे दाखवा.”

मार्च संपला, ‘ब’कडून काही नाही. ११ एप्रिलला, मुदतीच्या चार दिवस आधी, तिने ‘अ’ला होकार कळवला.

१४ एप्रिलची रात्र

आंबेडकर जयंतीची सुटी. रात्री नऊच्या सुमारास ताईचा फोन. खिडकीखालून मिरवणूक चाललेली, डीजेच्या आवाजात तिचे शब्द ऐकू येईनात. ‘ब’च्या प्रवेशप्रमुखांचा मेल आला होता : जागा दिली तर याल का? उद्यापर्यंत सांगा. सोबत प्रस्तावाचा मसुदा. बारा महिन्यांचे चौतीस हजार डॉलर. पहिल्या वर्षाची फेलोशिप पक्की. पुढच्या वर्षांपुढे तीन शब्द : अर्थसंकल्पातील उपलब्धतेच्या अधीन.

होकार मागे घ्यायला नियमाने अजून एक दिवस होता. मी म्हणालो, जा. अशी वाक्ये विद्यापीठे वकिलांच्या समाधानासाठी घालतात. घेतलेल्या विद्यार्थ्याला चांगला विभाग मध्येच वाऱ्यावर सोडत नाही. आणि प्राध्यापकाची नोकरी मिळवायची वेळ येते तेव्हा मोजक्याच मोठ्या विभागांतले लोक पुढे सरकतात, हे निष्ठुर पण खरे आहे. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “कागद दाखवताय ना, सर?”

तिने ‘ब’ला एकच प्रश्न पाठवला : पाच वर्षांची हमी पत्रात घालता येईल का? उत्तर रात्री पाऊण वाजता आले. यंदा शक्य नाही, क्षमस्व. एक वाजता तिने आभार मानून नकार कळवला. मला सकाळी सांगितले.

काय झाले

आय-ट्वेंटी मेच्या सुरुवातीला आली. ताईने त्याच आठवड्यात सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे साडेतीनशे डॉलर भरून मुंबईची, बीकेसीतल्या वकिलातीची, जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घेतली. २७ मेला अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे थांबवले. आधी घेतलेल्या तारखा चालू राहिल्या. १८ जूनला तारखा पुन्हा सुरू होणार म्हणून जाहीर झाले, पण समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवण्याच्या अटीसह. ताईचा व्हिसा तोवर हातात होता. ती ऑगस्टमध्ये गेली.

यावरून ‘अ’ घेणे शहाणपणाचे होते, असे कुणी मला सांगितले तर मी मान्य करणार नाही. ‘ब’ घेतले असते तर कागद दोन-तीन आठवडे मागे पडले असते आणि ती बहुधा त्या फटीत सापडली असती, हे खरे. पण ते १४ एप्रिलला कुणाला ठाऊक नव्हते. निर्णय त्या रात्री हाती असलेल्या माहितीवर तोलायचा असतो. हा भाग नशिबाच्या खात्यावर.

इकडे महापालिकांच्या निवडणुका अखेर १५ जानेवारी २०२६ला झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोजणी सुरू झाली तेव्हा ताईच्या अमेरिकेतल्या गावी आदल्या रात्रीचे साडेदहा वाजले होते. पहाटेपर्यंत जागून ती प्रभागवार आकडे वहीत उतरवत होती. तिच्या यादीतले किती माजी आता पुन्हा आजी होतात, हे तिला बघायचे होते.

वेगळे काय करता आले असते

डिसेंबरात अर्ज गेले त्याच दिवशी दोन रकान्यांचा कागद करायला हवा होता : एका बाजूला ते कधी कळवणार, दुसऱ्या बाजूला आपल्याला कधी उत्तर द्यायचे आहे. आम्ही तीन महिने पहिल्याच रकान्यावर डोळे लावून बसलो. त्यातली एकही तारीख आमच्या हातात नव्हती. नोकरी, नेट, व्हिसा, धाकट्याची फी या दुसऱ्या रकान्यातल्या तारखा आधीच ठाऊक होत्या.

तीन अटींचा कागद पाडव्याऐवजी वेटलिस्टचे पत्र आले त्याच आठवड्यात व्हायला हवा होता. ‘अ’च्या विद्यार्थ्यांशी बोलणेही फेब्रुवारीतच. तसे झाले असते, तर तिने जागा कदाचित मार्चमध्येच पक्की केली असती आणि ‘अ’च्या वेटलिस्टवरच्या कुणाचा तरी महिना वाचला असता.

पोर्टलबद्दल : मार्चमध्ये तिने मेलची सूचना फक्त त्या आठ पत्त्यांपुरती चालू ठेवली आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपायला लागली. हे पहिल्या दिवसापासून करता आले असते. पोर्टलवर निर्णय आला, की मेल येतोच.

आणि घरच्यांना तारखा सांगायला हव्या होत्या. १५ एप्रिल ही तारीख वडिलांना एप्रिल उजाडल्यावर कळली. त्याआधी दोन महिने, मुलगी काही सांगत नाही म्हणजे नापास झाली असावी, असे ते धरून चालले होते.

राहिला माझा तिसरा सल्ला. मला अजून वाटते, ‘ब’ घ्यायला हवे होते, निदान एक दिवस मागून घेऊन त्या प्राध्यापकांशी बोलायला हवे होते. गेल्या महिन्यात फोनवर पुन्हा तोच विषय निघाला. मी नामवंत विभागांचे, पुढच्या नोकऱ्यांचे माझे नेहमीचे गणित मांडले. ताई म्हणाली, “सर, तुमच्या वेळी पाच वर्षांचं पत्र सगळेच देत होते.”